अमेरिकेचं यादवी युद्ध, आमची पऱ्हाटी आणि पाचपैकी किती गुण?

पऱ्हाटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला इतिहास शिकवते. बारावीच्या वर्गात पटावर ४३ मुलं आहेत. दिवाळीच्या आगेमागे वेचणी लागली की निम्मी वावरात असतात, आणि जी येतात त्यांची बोटं बोंडाच्या टोकांनी खरचटलेली असतात.

अमेरिकेतल्या वसाहतींचा भाग संपला की मी तिथेच थांबत नाही. आणखी दोन-तीन तास घेऊन उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या यादवी युद्धापर्यंत जाते. आम्ही पऱ्हाटी लावणारी, म्हणजे कापूस पिकवणारी माणसं, आणि ते युद्ध कापसाशिवाय समजतच नाही, असं माझं पक्कं मत आहे.

या वेळी एका मुलाला घरून ओंजळभर कापूस आणायला सांगितला. प्रत्येकाला थोडा-थोडा वाटला आणि म्हटलं, बोटांनी सरकी काढा. सरकी रुईला किती घट्ट धरून असते हे त्यांना माहीत होतं, पण पूर्ण तास बसून काढायची वेळ कधी आली नव्हती. घंटा झाली तेव्हा सगळ्या वर्गाची मिळून रुई एका मुठीत मावली. मग फळ्यावर लिहिलं: १७९३, एली व्हिटनी, सरकी काढायचं यंत्र. त्याखाली दोन आकडे. १७९० मध्ये अमेरिकेत गुलाम माणसं सुमारे ७ लाख, १८६० मध्ये सुमारे ४० लाख.

मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, मशीन आली त मजूर कमी लागाले पायजे होते ना? वाढले काऊन?"

मी गप्प राहिले. खिडकीजवळच्या एका मुलीनं त्याच्याकडे वळून उत्तर दिलं, "सरकी मशीन काढते, पण वेचाले त हातच लागते."

ती दर सुटीत आईसोबत किलोच्या भावानं वेचायला जाते. हे वाक्य माझ्या टिपणात नव्हतं. इतकी वर्षं शिकवते आहे, मला ते इतकं नेमकं कधी सुचलं नव्हतं.

आता अडचण सांगते. चाचणीत मी ५ गुणांना प्रश्न दिला: यादवी युद्धाची कारणे स्पष्ट करा. तिनं लिहिलं, "यंत्रामुळे कापूस परवडू लागला म्हणून जमीन वाढवली. जमीन वाढली म्हणून वेचायला माणसं वाढवली. ती माणसं पैसे देऊन घेतलेली होती म्हणून मालक सोडायला तयार नव्हते. पश्चिमेच्या नव्या जमिनीत पण त्यांना तेच करायचं होतं, उत्तरेला ते नको होतं. तो कापूस बंद झाला म्हणून आपल्या वऱ्हाडात रेल्वे आली." एवढंच. एकही सन नाही, लिंकनचं नाव नाही, मुद्दे पाडलेले नाहीत. शेजारच्या मुलानं मार्गदर्शकातले सहा मुद्दे जसेच्या तसे उतरवले, खाली रेघा मारल्या. त्याला "पश्चिमेच्या जमिनी" म्हणजे काय विचारलं तर सांगता आलं नाही.

सहकारी म्हणतात त्याला साडेचार, तिला दीड. मला हात धजत नाही. आपण मुलांकडून नेमकी कसली अपेक्षा धरायची? आणि तिला भरभरून गुण देऊन मी तिचंच बोर्डाला नुकसान तर करत नाही ना? अनुभवी मंडळींनी सांगावं.

जुना खडू

ताई, वर्धा जिल्ह्यात ३१ वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो. मुलीचं उत्तर दोनदा वाचलं. पहिली चार वाक्यं शंभर नंबरी आहेत, त्यात एकाला एक कडी जुळलेली आहे. पण शेवटच्या वाक्यावर तिला थांबवा. तिथे तिची गाडी रुळावरून घसरली आहे, आणि सन नसले की असंच होतं.

वऱ्हाड इंग्रजांनी निजामाकडून ताब्यात घेतलं १८५३ मध्ये. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीनं रेल्वेबद्दल जे टिपण लिहिलं, त्यात इंग्लंडला लागणाऱ्या कापसाचा विषय आहेच. म्हणजे रेल्वेचा विचार युद्धाच्या आठ वर्षं आधीचा. युद्ध १८६१ ला सुरू झालं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या ओस पडल्या, आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. पण युद्ध संपलं १८६५ च्या एप्रिलमध्ये आणि गाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये. खामगावचा फाटा तर १८७० चा. मग "म्हणून रेल्वे आली" म्हणायचं, की "रेल्वेची निकड वाढली" म्हणायचं? हे तिलाच ठरवू द्या. सनावळी पाठांतरासाठी नसते, आपलं म्हणणं तपासायला असते, हे तिला एकदा कळलं की सन आपोआप लक्षात राहतील.

मी मुलांना एकच शब्द विचारायचो: कशावरून?

आणखी एक करा. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. अमेरिकेच्या घटनेतली गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५ ची. आठ वर्षांत ती गोष्ट पुण्यातल्या एका माणसाच्या काळजाला भिडली होती. ती अर्पणपत्रिका वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. अमेरिका परक्यांची आहे असं मग कुणी म्हणणार नाही.

वर्धेकाठ

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. मी बोर्डाचे पेपर तपासले आहेत. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो आणि हातात नमुना उत्तर. सलग लिहिलेल्यातून तो मुद्दे शोधत बसेलच याची खात्री नाही. ज्या पोरीची आई वेचायला जाते, तिला बारावीचे टक्के लागतात. वसतिगृह, शिष्यवृत्ती, पुढचा प्रवेश, सगळं त्यावर. आपल्या तत्त्वाची किंमत तिनं मोजू नये.

तिचा विचार तसाच ठेवा, फक्त मांडणी शिकवा. प्रत्येक वाक्याला एक उपशीर्षक, एक सन, एक नाव. नोव्हेंबर १८६० ला लिंकन निवडून आले, डिसेंबरात दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य संघराज्यातून बाहेर पडलं, एप्रिल १८६१ ला दक्षिणेनं फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या. या तीन गोष्टी तिच्या चार वाक्यांच्या खाली लिहिल्या की तपासणारा गुण कापूच शकत नाही. आणि बोर्डातही २० गुण लेखी परीक्षेबाहेरचे असतात. तुमची रुईची मूठ तिथे मांडा.

बंडी

मी मास्तर नाही, शेतकरी आहो. तीन एकर घरची, चार एकर बटईनं. मॅडम, तुमचं वाचून मले एक विचारावं वाटलं. त्या चाळीस लाख लोकाइले सोडलं, मंग जमीन कोणाची राह्यली? आमच्या शाळेत "गुलामगिरी नष्ट झाली" एवढ्यावर धडा संपत होता. माणूस सुटला आणि वावर मालकाचंच राह्यलं त तो खाईन काय? पोराइले हे सांगतलं का तुम्ही?

पऱ्हाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, वर्गात थोडं करून पाहिल्यावरच लिहायचं होतं.

बंडी दादा, तुमच्या प्रश्नानं मी हलले. नव्हतं सांगितलं. आता सांगितलं. १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मननं समुद्रकाठच्या जमिनी मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत द्यायचा हुकूम काढला होता. लिंकनच्या हत्येनंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सननं त्याच वर्षी बहुतेक जमिनी जुन्या मालकांकडे परत जाऊ दिल्या. मग त्याच वावरात निम्म्या पिकावर कसणं, आणि बी-बियाणं, किराणा दुकानदाराकडून पिकाच्या भरवशावर उधार. मी एवढं सांगेपर्यंत तीन-चार मुलं एकदम म्हणाली, "बटईच की जी!" हा शब्द मी उच्चारला नव्हता.

गुरुजी, तुमचा "कशावरून" मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे, पुसायला मनाई केली आहे. मुलीला मी चार गुण दिले. एक रेल्वेच्या वाक्याचा कापला आणि १८६५ व १८६७ हे दोन सन शेजारी लिहून दिले. त्या मुलाचे अडीच केले, "पश्चिमेच्या जमिनी" नकाशावर दाखवशील तेव्हा वाढवीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो आपणहून नकाशापाशी उभा होता.

वर्धेकाठ, तुमचं म्हणणं मला पटलं. तिनं उत्तर पुन्हा लिहिलं, उपशीर्षकं घालून, तिन्ही घटनांसह. जुनं पान मात्र तिला फाडू दिलं नाही, वहीत चिकटवायला लावलं.

वही परत देताना तिनं विचारलं, "१८६७ च्या आधी आपल्याइकडचा कापूस बंडीनं कुठवर जात होता? किती दिवस लागत?" याचं उत्तर आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून, जुन्या कागदांतून शोधायचं ठरवलं आहे. कुणाच्या घरी पणजोबा-खापरपणजोबांच्या वेळची कापसाची पट्टी, अडत्याची वही, काट्याची पावती असेल तर कृपया फोटो टाका. मोडी असली तरी चालेल, वाचणारं माणूस मी शोधते.