पहाटेचा पाठ

घरातली कामं आवरून तुमची आई रात्री पुस्तक घेऊन बसायची, हे तुम्ही आईच्या आठवणींत लिहिलेलं वाचलं आणि पंडिता रमाबाईंच्या आई लक्ष्मीबाई डोंगरे आठवल्या. लग्नानंतर पती अनंतशास्त्रींकडून त्या संस्कृत शिकल्या, तेही बाईच्या जातीला ती विद्या वर्ज्य असण्याच्या काळात. पुढे दिवसभराच्या राबण्यातून सवड मिळेना, म्हणून भल्या पहाटे लहानग्या रमाला गोंजारून उठवायच्या. पक्ष्यांची किलबिल सुरू व्हायची आणि पाठ. समोर पोथी नाही, आई म्हणेल तेच घोकायचं. केवढी माया असेल त्या उठवण्यात! १८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत त्या गेल्या. रमाबाईंनी १८८७ मधलं आपलं इंग्रजी पुस्तक आईच्याच स्मृतीला अर्पण केलं. तुमच्या आईची पुस्तकं, वह्या नीट जपून ठेवा.