मदत हवी आहे: भाचा १७ वर्षांचा, व्यावसायिक स्नूकर खेळायचं म्हणतो

नमस्कार मंडळी. माझा भाचा ठाण्याला असतो, बारावीला आहे. चार वर्षं रोज टेबलावर असतो, सरावात ७०-८० चे ब्रेक (एकाच खेपेत सलग मिळवलेले गुण) सहज करतो. आता त्याला क्यू स्कूलला, म्हणजे व्यावसायिक टूरच्या पात्रता स्पर्धेला, उतरायचं आहे. ताई-भाऊजी दोघंही घाबरलेत, आणि विचारायला मलाच पुढे केलंय.

मला समजलेलं असं: क्यू स्कूल पार केली की दोन वर्षांचं टूर कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा खेळायचा हक्क, मिळतं. त्या मुदतीनंतर क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये नसलात, तर सहसा पुन्हा पात्रतेपासून सुरुवात. पगार नाही, कमाई मुख्यतः बक्षिसांवर. राहणं, प्रवास, सराव आपल्या खिशातून, आणि बराचसा मुक्काम इंग्लंडमध्ये. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपन या टूरवरच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला होता. पुण्यात जन्मलेला, बिलियर्ड्स-स्नूकरचा अनेकदा जगज्जेता पंकज अडवाणीही काही काळ टूरवर होता, पण नंतर त्याने ते सोडलं. एवढ्या मोठ्या खेळाडूने सोडलं, याचाच मला जास्त विचार पडतो.

कुणाच्या घरातलं मूल या वाटेने गेलंय का? इंग्लंडमधलं एक वर्ष साधारण किती खर्चात पडतं? आधी राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा खेळून, पदवी हातात घेऊन गेलेलं बरं, की तोवर उशीर होतो? इंग्लंडमधल्या शेफिल्ड या स्नूकरच्या शहराच्या आसपास कुणी मराठी कुटुंब असेल तर कृपया कळवा. पोराला नुसतं नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतंय.