पुण्यातील उद्यानांची आखणी भर दुपारचे ऊन आणि मुसळधार पाऊस यांचा विचार करून व्हावी का?

कोथरूडचा रहिवासी (चर्चेचा प्रस्ताव)

शहरातील उद्याने आणि मैदाने आखताना सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारा माणूस तेवढा डोळ्यांसमोर ठेवला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०१९ मध्ये पुण्याचा पारा ४३ अंशांच्या आसपास पोहोचला होता आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात हाहाकार माजवून अनेकांचे प्राण घेतले. एका वर्षात ही दोन्ही टोके पाहिलेल्या शहरात मोकळ्या जागेचा प्रत्येक नकाशा या दोन कसोट्यांवर तपासला गेला पाहिजे.

सध्या काय होते ते कोणत्याही बागेत जाऊन पाहावे. झाडाच्या अगदी बुंध्याला भिडवून पेव्हिंग ब्लॉक बसवलेले असतात, आळ्याला जागाच उरत नाही, आणि काही वर्षांत मुळे ते ब्लॉक उचलू लागली की दोष झाडाला दिला जातो. हिरवळीभोवती वीतभर उंचीचा कठडा असतो, त्यामुळे वाटेवरचे पाणी मातीकडे वळूच शकत नाही. ते थेट चेंबरमध्ये आणि तिथून ओढ्यात जाते. हिशोब साधा आहे. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर भरतील एवढे पाणी एकट्या त्या बागेवर पडते. माझी मागणी अशी की वाफे वाटेपेक्षा खोल असावेत, कठड्यांना जागोजागी खाचा असाव्यात, शोभेच्या हिरवळीऐवजी करंज, कडुनिंब, नांद्रुक अशी सावलीची झाडे असावीत आणि ज्या उद्यानांची दारे दुपारी बंद होतात, ती उघडी राहावीत.

निवृत्त स्थापत्य अभियंता

आपला हेतू चांगला आहे, पण पाणी मुरण्याबद्दलचे आपले गृहीतक मला मान्य नाही. पुणे दख्खनच्या काळ्या कातळावर वसले आहे आणि त्या कातळात पाणी शिरते ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरातून. हा थर कुठे चांगला जाड असतो, तर कुठे जवळजवळ नसतोच, आणि जिथे आहे तिथेही ऑगस्टपर्यंत तो बहुधा भरलेला असतो. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्रीत कोसळणारा पाऊस जमीन पिऊन टाकील, या भरवशावर सार्वजनिक पैसा खर्च करणे धोक्याचे आहे. शिवाय आंबिल ओढ्याच्या पुराची कारणे कात्रजच्या डोंगरउतारापासून ओढ्याच्या पात्रातील अडथळ्यांपर्यंत पसरलेली आहेत. बागेचे कठडे फोडून त्यांवर उपाय होणार नाही.

ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

माझी हरकत अधिक जवळची आहे. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले, काठी घेऊन चालणारे आणि चाकांच्या खुर्चीवरचे लोक उद्यानात येऊ शकतात ते सपाट, न घसरणाऱ्या वाटेमुळेच. पावसाळ्यात मातीच्या वाटेवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर सत्तरीतल्या माणसाला उठून उभे राहणे अवघड होते. निसर्गाचा विचार करताना आम्हाला घरी बसवू नये.

कोथरूडचा रहिवासी

ज्येष्ठांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि पक्क्या वाटेला माझा विरोध नाही. वाट पक्की आणि सपाटच असावी, फक्त तिचा उतार वाफ्याकडे असावा.

अभियंता महोदयांना मात्र माझे उत्तर असे, की मुरवणे आणि थोपवणे यांत फरक आहे. जमीन पाणी पिणार नसेल, तरी खोलगट मैदान ते काही तास धरून ठेवू शकते आणि ओढ्याचा लोंढा ओसरल्यावर सावकाश सोडू शकते. आज जिथे सारसबाग आहे तिथे पूर्वी तळेच होते, आणि तिथला गणपती अजूनही तळ्यातला गणपती म्हणूनच ओळखला जातो. डासांची शंका कोणी काढण्यापूर्वीच सांगतो: डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून वाढायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एक-दोन दिवसांत रिकाम्या होणाऱ्या मैदानात त्याची पैदास होत नाही. प्रत्येक बागेने वीसपैकी पाच टँकर जरी थोपवले, तरी ओढ्याकाठच्या वस्तीला ते जाणवेल.

उद्यान देखभालीचा अनुभव असलेला वाचक

दुपारी दार बंद ठेवण्यामागे कारणे आहेत, आणि ती आळशीपणाची नाहीत. झाडलोट, छाटणी, पाणी देणे आणि खेळण्यांची दुरुस्ती ही कामे लोक नसतानाच होतात. दुपारी दारे उघडायची तर सुरक्षारक्षकांची आणखी एक पाळी लागेल आणि तिचा खर्च कोणीतरी उचलावाच लागेल. मुख्य म्हणजे, दुपारच्या उन्हात बागेत येणार कोण?

दांडेकर पुलाजवळची रहिवासी

आम्ही येऊ. पत्र्याच्या छपराखाली दहा बाय दहाच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी लहान मूल घेऊन बसणे काय असते, हे वरील चर्चेत कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. दोन घरांच्या कामांमधला तास-दीड तास रिकामा असलेल्या बायका, रिक्षा थांबवून डबा खाणारे चालक, घरोघरी वस्तू पोहोचवणारी मुले, अभ्यासिकेतील उकाड्याने बाहेर पडलेले स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, या सर्वांना सावलीची गरज दुपारी बारा ते चार याच वेळेत असते. सावली महापालिकेच्या पैशाने वाढवायची आणि नेमक्या त्या वेळी तिला कुलूप लावायचे, हे मला अन्यायाचे वाटते. झाडलोट बागेच्या अर्ध्या भागात आज आणि उरलेल्या अर्ध्यात उद्या होऊ शकते.

निवृत्त स्थापत्य अभियंता

दुपारच्या वेळेबद्दल मी या भगिनींशी सहमत आहे आणि रक्षकांचा खर्च हा नकाराचा आधार असू नये, असे मला वाटते. पाणी थोपवण्याची कल्पनाही मुरवण्यापेक्षा अधिक व्यवहार्य आहे, मात्र त्यासाठी बाहेर जाणाऱ्या पाइपचा व्यास, गाळ काढण्याची सोय आणि मैदान भरल्यावर जादा पाणी कुठे जाणार, हे आधी ठरले पाहिजे. अन्यथा ते शेजारच्या सोसायटीच्या तळघरात शिरेल. कोणत्याही बागेचे काम काढण्यापूर्वी तिथे मीटरभर खोल खड्डे घेऊन, पाणी भरून, पातळी किती वेळात किती उतरते याची नोंद मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत झाली पाहिजे. त्या नोंदी निविदेसोबत जाहीर केल्या, तर माझा विरोध राहणार नाही.

कोथरूडचा रहिवासी

ही अट मला मान्य आहे. मात्र कठड्यांना खाचा पाडणे आणि बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढणे या दोन कामांसाठी ऑगस्टपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही. ती या पावसाळ्यापूर्वीच व्हावीत.