शब्दचर्चा : ‘डोस’ दिलेला की लागलेला?

प्रश्न
किरणोत्सारी औषधाने होणाऱ्या कर्करोग-उपचारांवरचं एक माहितीपत्रक रुग्णांसाठी मराठीत करते आहे. एकाच परिच्छेदात ‘डोस’ दोनदा आलाय: आधी ‘७.४ गिगाबेकरेल डोस’, पुढे ‘मूत्रपिंडांना मिळणारा डोस २३ ग्रेच्या आत’. दोन्हीकडे ‘मात्रा’ लिहिलं आणि अडकले. आणखी एक, स्कॅन ‘ऑप्टिमाइझ’ करण्याला ‘इष्टतमीकरण’ लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद
अडकलात तेच बरं झालं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी गॅमा कॅमेऱ्यावर, म्हणजे शरीरातून बाहेर येणारी किरणं टिपणाऱ्या यंत्रावर, काम करते, आणि माझं निम्मं काम या दोन डोसांमधलं अंतर कापण्याचंच असतं. बेकरेल सांगतो सेकंदाला किती अणुकेंद्रांचं विघटन होतं, म्हणजे शिरेतून किती औषध सोडलं. ग्रे सांगतो एक किलो ऊतीत किती ज्यूल ऊर्जा मुरली. पहिला आकडा सुई टोचण्याआधीच ठाऊक असतो. दुसरा ज्याच्या त्याच्या शरीरावर. अशा औषधातल्या ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सगळ्यांसाठी सारखंच, सुमारे ६.६ दिवस, पण मूत्रपिंडांत ते किती शिरतं आणि किती काळ रेंगाळतं, हे माणसागणिक बदलतं. म्हणून पहिल्याला ‘दिलेली सक्रियता’ म्हणा, दुसऱ्याला ‘शोषित मात्रा’. मराठीत मात्रा देतातही आणि मात्रा लागू पडतेही. फरक क्रियापदात आहे, तो पत्रकात हरवू देऊ नका.

आता स्कॅनबद्दल. ल्युटेशियमचे बीटा कण दोनेक मिलिमीटरच्या आतच थांबतात. उपचार ते करतात. कॅमेऱ्याला दिसतात ती सोबतची गॅमा किरणं, मुख्यतः २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची, आणि तीही शंभर विघटनांत दहा-अकरा वेळाच. कॅमेऱ्याच्या तोंडाशी शिशाची जाड चाळणी असते, तिला आम्ही कॉलिमेटरच म्हणतो. हाडांच्या नेहमीच्या स्कॅनची पातळ भिंतींची चाळणी तशीच राहिली, तर ही किरणं भिंती भेदून आत येतात आणि पडद्यावर मूत्रपिंडाची कड धुक्यात गेल्यासारखी पसरते. मध्यम ऊर्जेच्या किरणांसाठीची, जाड भिंतींची चाळणी चढवली की तीच कड उभी राहते. पुढे विखुरलेली किरणं वजा करायची. ठाऊक असलेली सक्रियता पाण्यात मिसळून भरलेलं भांडं आधीच स्कॅन करून ठेवायचं, म्हणजे मोजणीवरून बेकरेल काढता येतात. आणि वेळ! एका स्कॅनवरून एका क्षणाचं कळतं, मात्रा मात्र दिवसांची बेरीज असते. म्हणून पहिल्या, चौथ्या, सातव्या दिवशी पुन्हा बोलावतात. थकलेल्या माणसाला इतक्या खेपा झेपत नाहीत, तेव्हा मूत्रपिंडांसाठी एकच स्कॅन घ्यायचा तर तो चौथ्या दिवसाच्या आसपास घेणं बरं.

या सगळ्याला मी ‘स्कॅन बेतणे’ म्हणेन, अंगावर कापड बेततात तसं.

दुसरा प्रतिसाद
शब्द सुंदर आहे, पण ‘जिवावर बेतणे’ त्याच धातूचं. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर तो नकोच. ‘जुळवणे’ का नको? औषध, चाळणी, वेळ, माणूस, सगळं एकमेकांशी जुळवायचंच असतं. स्कॅनला ‘छायाचित्र’ म्हणणंही टाळा. छाया पडते ती क्ष-किरणात, बाहेरून आलेल्या किरणांची; इथे किरणं माणसाच्या आतून येतात. आणि २३ ग्रेची मर्यादा मुळात बाहेरून देतात त्या किरणोपचाराच्या अनुभवातून आली आहे, तेव्हा ती ओलांडली म्हणजे मूत्रपिंड गेलंच, असा अर्थ वाक्यातून निघू देऊ नका.

पुन्हा पहिला प्रतिसाद
मान्य. ‘जिवावर’चं डोक्यातच आलं नव्हतं. पत्रकात ‘जुळवणे’च घ्या. बेतणं आमच्या खोलीपुरतं राहू दे.

मूळ प्रश्नकर्ती
‘इष्टतमीकरण’ गेलं, दोन्ही ‘मात्रा’ही सुटल्या. आता असं लिहिलंय: “तुम्हाला दिलेलं औषध सगळ्यांइतकंच असलं, तरी त्यातलं तुमच्या मूत्रपिंडांना किती लागलं हे स्कॅनवरून मोजतो. त्यासाठी तुम्हाला पुन्हा यावं लागेल. पुढच्या वेळी औषध किती द्यायचं, हे ठरवताना डॉक्टर ते मोजमाप पाहतील.” ‘लागलं’ हा शब्द इजा झाल्यासारखा वाटतो का? तसं असेल तर ‘पोहोचलं’ करते.

पहिला प्रतिसाद
‘पोहोचलं’ करा. पोहोचून लगेच निघून गेलेलंही असतं, तेव्हा पुढे ‘आणि किती काळ राहिलं’ एवढं जोडा.