चंदेरी नेसली की गांधी उठतात, पैठणीनं काहीच होत नाही: रेशमाची ॲलर्जी नेमकी कशी ओळखायची?

लष्करची_वहिनी

नमस्कार. ग्वाल्हेरहून विचारतेय. भाचीचं वय २३, मार्गशीर्षात लग्न आहे. त्रास असा आहे:

चंदेरी (ताणा-बाणा दोन्ही रेशमाचे, जरीची बुट्टी) नेसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कमरेचा उघडा भाग, कोपराखालचे हात आणि पदर घासतो ती मानेची बाजू, एवढ्या जागी गांधी उठतात. साडी सोडली की दोन-तीन तासांत सगळं साफ, डागसुद्धा राहत नाही. त्याच साडीवरच्या ब्लाउजचं मात्र निराळं. त्याला आतून गडद निळं अस्तर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काखेच्या कडेनं आणि दंडाच्या काठाशी लाल, खरखरीत, खाजणारा पट्टा येतो. तो आठ-दहा दिवस टिकतो आणि मागे काळपट डाग ठेवून जातो.

आईची पैठणी चार तास अंगावर होती, काही झालं नाही. तिच्यावर ब्लाउज सुती होता. धाप लागणं, छातीत घरघर, ओठ सुजणं हे कधीही नाही. रजया-गाद्या झटकताना शिंका येतात.

रेशमाचीच ॲलर्जी म्हणायची का? घरी काय तपासता येईल, डॉक्टरांकडे कोणती तपासणी मागावी, आणि लग्नात नेसवायचं काय?

पॅच_४८

वहिनी, तुम्ही वेळ आणि जागा दोन्ही लिहिलंत, त्यामुळे निम्मं काम झालं. हे एक दुखणं नाही, दोन आहेत, आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी आहेत.

पहिलं, चंदेरीचं. काही मिनिटांत उठणारी आणि २४ तासांच्या आत डाग न ठेवता जाणारी गांधी म्हणजे अंगावर पित्त उठण्याचाच प्रकार. रेशमातल्या प्रथिनाविरुद्ध शरीरात आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) तयार झालेलं असलं तर असं होतं. पण आधी एक साधी गोष्ट बघा. साडी नेसलेली नसताना बोथट पेनाच्या मागच्या टोकानं हाताच्या आतल्या बाजूला जरा दाबून एक रेघ ओढा. पाच-दहा मिनिटांत तिथे उचललेली, खाजणारी रेघ उमटली, तर तिची त्वचा नुसत्या घासण्यानंच उठते. मग दोष रेशमाचा नसून कडक कापडाचा आणि जरीच्या कडेचा. चंदेरी कडक असते, पैठणी मऊ पडते, एवढ्यानंही हा फरक दिसू शकतो.

दुसरं, ब्लाउजचं. १२ ते ७२ तासांनी येणारा आणि आठवडाभर टिकणारा पट्टा हा संपर्काचा इसब. काखेचा खळगा सोडून त्याच्या कडेनं आलाय, हे फार बोलकं आहे. डिओडरंटचा इसब खळग्याच्या मध्यात येतो, कापडाचा कडेला, कारण घासतं आणि भिजतं ते तिथेच. माझा संशय रेशमावर नाही, त्या गडद निळ्या अस्तरावर आहे. अस्तर पॉलिस्टरचं किंवा मिश्र असलं तर त्याला डिस्पर्स (कृत्रिम धाग्यांसाठीचा) रंग दिलेला असतो. कपड्यांच्या ॲलर्जीत हेच रंग सर्वांत जास्त सापडतात, त्यातही गडद निळे आणि काळे. घामानं ते सुटतात आणि कातडीवर बसतात.

तिसरी शक्यता कोणी विसरू नये. कमरेला परकराच्या नाडीखाली वळ, भेगा, काळपटपणा असेल तर ते आवळण्याचं आणि घासण्याचं काम असतं. चट्टा गोल, कड उचललेली आणि मध्ये साफ असा असेल तर ते गजकर्ण. त्यावर दुकानातून स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब आणून चोळू नका. खाज दोन दिवस थांबते, बुरशी आत पसरते आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखू येत नाही.

घरची चाचणी अशी. साडीच्या नेसणीकडच्या टोकातून किंवा ब्लाउजच्या शिवणीत ठेवलेल्या मायेतून दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे घ्या. एक बिनजरीच्या अंगाचा, एक जरीचा, एक अस्तराचा, आणि तुलनेला धुतलेली पांढरी मलमल. तुकडे पाण्यानं ओलसर करून हाताच्या आतल्या बाजूला टेपनं २० मिनिटं लावून ठेवा, प्रत्येकाखाली पेनानं खूण करा. गांधी फक्त रेशमाखाली आली तर उत्तर मिळालं. चारही ठिकाणी आली तर ते घासण्याचं किंवा टेपचं. अस्तराचा तुकडा वेगळा, पाठीच्या वरच्या भागावर कागदी टेपनं ४८ तास ठेवायचा, मध्ये पाणी लागू द्यायचं नाही, काढल्यावर आणखी दोन दिवस जागेवर लक्ष ठेवायचं. त्याआधी आठवडाभर सिट्रिझिनसारखी गोळी नको, नाहीतर गांधी दबते. छातीत घरघर किंवा तोंड सुजणं एकदा जरी झालेलं असेल तर यातलं काहीही घरी करायचं नाही.

डॉक्टरांकडे दोन वेगळ्या गोष्टी मागायच्या. गांधीसाठी प्रिक टेस्ट (कातडीवर थेंब ठेवून सुईनं टोचून बघतात ती) किंवा रक्तातलं रेशमाचं विशिष्ट आयजीई. प्रिक टेस्ट १५ ते २० मिनिटांत वाचतात, आणि साध्या द्रावणाच्या थेंबापेक्षा गाठ ३ मिलिमीटरनं मोठी आली तर ती धरतात. रक्ताची तपासणी सगळ्या लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, तेव्हा आधी विचारा. इसबासाठी पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीखाली पाठीवर लावून बघणं. नेहमीच्या संचात निकेल, केसांच्या कलपातलं पीपीडी, फॉर्माल्डिहाइड वगैरे असतं, कापडाचे रंग मात्र सांगून घालून घ्यावे लागतात. अस्तराचा तुकडा सोबत न्या.

धागादोरा

कापडाच्या बाजूनं लिहितो, कारण इथे पैठणी आणि चंदेरी यांतला फरकच सगळं सांगतोय.

कोशातून निघणाऱ्या तंतूत फायब्रॉइनच्या दोन बारीक दोऱ्या असतात आणि त्यांना चिकटवणारा सेरिसिनचा डिंक. कच्च्या रेशमाच्या वजनात हा डिंक साधारण २० ते ३० टक्के. रंगवण्याआधी सूत साबण-सोड्याच्या पाण्यात, उकळीच्या जरा खाली, तासभर शिजवतात. डिंक जातो, वजन घटतं, सूत मऊ आणि चकचकीत होतं. पैठणीचं सूत असं शिजवलेलं. चंदेरीत मात्र डिंक मुद्दाम ठेवतात. तिचा आरपार दिसणारा पोत आणि कडकपणा त्याच डिंकाचा. चंदेरी साडी हाताला कडक लागते, पैठणी मऊ. रेशमाच्या ॲलर्जीत संशय जास्त करून सेरिसिनवर आणि कोशातल्या किड्याच्या अवशेषांवर येतो, फायब्रॉइनवर क्वचित. तुमच्या भाचीचा अनुभव याला धरून आहे.

म्हणून ‘चंदेरी सिल्क-कॉटन आहे, निम्मं सूतच आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. बाणा सुती असला तरी ताणा त्याच कच्च्या रेशमाचा असतो. मटक्याचं कापडही टाळा. ते कोशाच्या टाकाऊ, तुटक रेशमापासून हातानं कातलेलं, त्यात डिंक आणि कचरा दोन्ही जास्त.

पेटीत पडलेल्या साड्यांत खरं रेशीम कोणतं ते जाळून बघा. कडेचे चार धागे, ताण्याचे वेगळे आणि बाण्याचे वेगळे, चिमट्यात धरून. रेशीम केस जळल्यासारखं वासतं, ज्योत काढली की विझतं आणि काळी राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकलेलं बहुतेक रेयॉन असतं, ते कागदासारखं जळतं. नव्या खरेदीत सिल्क मार्कचं लेबल बघा, पण ते शुद्ध रेशमाची खात्री देतं, डिंक काढलाय की नाही हे त्यावरून कळत नाही.

जरीकडेही बघा. खरी जर म्हणजे चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. नकली जर बहुधा तांब्याच्या तारेवर चांदी, ती घामानं काळी पडते. अलीकडची बरीचशी प्लॅस्टिकची, तिच्या कडा कातडीला ओरखडे काढतात. ब्लाउजचे हूक आणि सेफ्टी पिना यांत मात्र निकेल असू शकतं. त्यासाठी डीएमजी द्रावणाचा छोटा संच मिळतो. कापसाच्या काडीनं हुकावर घासलं आणि काडी गुलाबी झाली तर निकेल आहे.

लष्करची_वहिनी

दोघांचे आभार. पेनाची रेघ ओढून पाहिली, काही उमटलं नाही. तुकड्यांपैकी चंदेरीच्या दोन्ही तुकड्यांखाली, जरीच्या आणि बिनजरीच्या, १५ मिनिटांत गांधी, मलमलीखाली नाही. अस्तराची पट्टी पाठीवर लावली आहे.

आणखी तीन प्रश्न. चंदेरी घरी साबणात उकळून डिंक काढता येईल का? आहेरात रेशमी भरणाची रजई येणार आहे, ती वापरावी का? आणि ग्रहमखाला (लग्नाआधीच्या ग्रहशांतीला) सोवळ्याचं काय?

धागादोरा

उकळू नका. तयार साडीत रंग फुटतो, कापड ढिलं पडून बुट्ट्या ओघळतात. हातात राहतं ते ना चंदेरी ना काही. तीच साडी जपायची असेल तर अंगाशी आड द्या: आत पूर्ण बाह्यांचा मलमलीचा ब्लाउज, परकर दोन बोटं वर, आणि पदर मानेला लागतो तिथे आतून वीतभर रुंदीची मलमलीची पट्टी. उघड्या कमरेला लागणारा भाग मात्र झाकला जात नाही, म्हणून लग्नात तासन्‌तास नेसायला ती नकोच.

ब्लाउज उसवून अस्तर बदला. पांढरं शंभर टक्के सुती, शिवण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुतलेलं. न चुरगळणाऱ्या नव्या सुती कापडावर फॉर्माल्डिहाइडचा लेप असू शकतो, तो धुण्यानं बराच उतरतो. बाड्यावर (ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या बाजारात) पिको-फॉलला देताना फॉलही सुतीच सांगा.

ड्रायक्लीनहून आलेली साडी पिशवीतून काढून दोन दिवस वाऱ्यावर टांगा. पेटीत डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या वासानं डोकं दुखतं, नाक चुरचुरतं आणि लोक ते रेशमावर ढकलतात. मलमलीत गुंडाळून कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, तीन महिन्यांनी घडी मोडून ठेवा.

पॅच_४८

रजई नको. साडी कातडीला त्रास देते, रजईतला भुगा श्वासात जातो. स्वस्त भरणात टाकाऊ रेशीम असलं तर अशा रजयांनी दमा आणि नाक वाहणं झाल्याचं वैद्यकीय साहित्यात फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे. तिला रजया झटकताना शिंका येतात, ते धुळीतल्या किडींमुळे असण्याचा संभव जास्त. रेशीमकिड्यातली काही प्रथिनं त्या किडींच्या आणि झुरळांच्या प्रथिनांशी इतकी मिळती आहेत की रक्ततपासणीत रेशीम किंचित पॉझिटिव्ह आलं तरी मूळ ॲलर्जी किडींचीच असू शकते. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष त्रास जुळला तरच त्याला अर्थ. ग्वाल्हेरच्या थंडीला कापसाची रजई आणि ६० अंशांच्या पाण्यात धुता येईल अशी खोळ पुरे.

‘रेशीम इसबाला चांगलं’ असं सांगून कोणी महागडे कपडे विकू लागलं तर तेही नको. ते डिंक काढलेल्या रेशमाचे असतात हे खरं, पण ब्रिटनमध्ये ३०० मुलांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

गांधी उठली तर साडी सोडायची, जागा गार पाण्यानं धुवायची, मोठ्या माणसाला सिट्रिझिन १० मिलिग्रॅम एकदा. झोप येते, गाडी चालवायची नाही. घसा आवळणं, धाप, चक्कर, अंगभर गांधी आणि उलटी यांतलं काही झालं तर गोळीची वाट बघत बसायचं नाही. पाय उंच करून आडवं करा (धाप असेल तर बसवा) आणि थेट इस्पितळ. तिथे मांडीत अॅड्रेनलिन देतात, तेच औषध.

शाम्पू-क्रीमच्या लेबलवर सेरिसिन, हायड्रोलाइज्ड सिल्क किंवा सिल्क पावडर आहे का तेही वाचत जा.

देवघर_दौलतगंज

सोवळ्याबद्दल. रेशमी सोवळ्याची सोय अशी की ते दर वेळी धुवावं लागत नाही, आणि त्रासही तिथूनच सुरू होतो. वर्षभराचा घाम, कुंकू, कापराची काजळी आणि पेटीतला वास त्याच कापडात राहतो. मुकटा जाड्याभरड्या रेशमाचा असेल तर आणखी टोचतो. मुलीला धूतवस्त्र चालतं. सुती लुगडं आदल्या दिवशी स्वच्छ धुऊन, उंच वलणीवर काठीनं वाळत घालायचं आणि दुसऱ्या दिवशी कोणी न शिवता नेसायचं. हे पूर्ण सोवळं आहे, सवलत नाही. धाबळीही सोवळ्यात चालते, पण लोकर अशा त्वचेला नको. अष्टपुत्री सुती घ्या, हळदी रंगाची पिवळी मिळते. गुरुजींना आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी मुलीला कोणी मुकटा नेसायला लावणार नाही.

लष्करची_वहिनी

अस्तराच्या पट्टीखाली ४८ तासांनी लाल, तिसऱ्या दिवशी बारीक फोड. पट्टी काढली. वाट कशाची बघू?

पॅच_४८

घरी आता काही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना ती जागा दाखवा आणि फोटो काढून ठेवा. पूर्ण पॅच टेस्टला सोमवारी लावणं, बुधवारी काढणं, शुक्रवारी पुन्हा वाचणं असे तीन खेपांचे दिवस लागतात. पाठीवर खुणा आठ-पंधरा दिवस दिसतात, तेव्हा लग्नाच्या आधी किमान महिनाभर उरकून घ्या. फोडांवर कोणतं मलम किती दिवस हे त्यांनाच विचारा.

आणि मेंदीचं आजच ठरवा. अस्तराच्या रंगाला फोड येणाऱ्या काहींना कलपातल्या पीपीडीचीही ॲलर्जी असते, आणि ‘तासाभरात काळी चढते’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोनात पीपीडी घातलेलं असू शकतं. ऐन लग्नात हातभर फोड असू शकतात. मेंदीवालीला सांगा की पाल्याची ताजी पूड, पाणी, साखर आणि निलगिरीचं तेल एवढंच हवं. ती पहिल्या दिवशी केशरी दिसते आणि दोन दिवसांनी गडद होते, म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी काढा.

फाइलवर एक ओळही घालून घ्या: ‘रेशमाची ॲलर्जी, रेशमी टाके नकोत.’ दाताच्या डॉक्टरांकडे काळा विणलेला रेशमी धागा नेहमीचा असतो. आधी सांगितलं तर ते नायलॉन किंवा विरघळणारा धागा वापरतात.