शेततळ्यात रोहूच्या अंगावर लाल चट्टे, पोट फुगलेलं: औषध पाण्यात टाकावं की खाद्यातून?

मोसंबीवाला_अंबड

शेततळं ३० × ३० × ३ मीटर, प्लास्टिक अस्तरीकरण, बाजूंचा उतार १:१.५. सध्या पाणी २ मीटर. बोअरचं जड पाणी, पीएच दुपारी ८.८. जुलैत २,००० बोटुकली सोडली: रोहू, कटला, थोडे सायप्रिनस. सरासरी वजन आता २५० ग्रॅम. आठ दिवसांपासून रोज ५ ते १० मासे मरतात, जास्त करून रोहू. पोटाखाली आणि परांच्या मुळाशी लाल चट्टे, काहींचं पोट फुगलेलं, दोघा-तिघांचे डोळे बाहेर आलेले. खाद्य निम्म्यावर आलंय.

एक जण म्हणतो चुना टाका, दुसरा म्हणतो टेट्रासायक्लिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या शंभर कॅप्सूल पाण्यात फोडा. पोटॅशियम परमँगनेट ४ किलो आणून ठेवलंय. १,८०० घनमीटर पाणी धरलं तर २ पीपीएमला ३.६ किलो बसतं ना? याच पाण्यावर मोसंबीचं ड्रिप आहे, तेही लक्षात घ्या.

कल्ले_आधी_बघा

दादा, आधी एक वेगळं काढू. ऑक्सिजन संपून मासे मरतात तेव्हा ते पहाटे एकदम मरतात, मोठे आधी जातात आणि बाकीचे वर येऊन तोंड मारत असतात. तुमच्याकडे रोज थोडे थोडे आणि अंगावर चट्टे घेऊन मरतायत. लक्षणं एरोमोनासची वाटतात, बहुधा एरोमोनास हायड्रोफिला.

हा जिवाणू बाहेरून आला असं समजू नका. गोड्या पाण्यात, गाळात, धडधाकट माशाच्या आतड्यातसुद्धा तो असतोच. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत आहे तोवर त्याचं काही चालत नाही. जाळं ओढताना खवला निघाला, उवांनी टोचलं, अमोनियाने कल्ले भाजले, की वाट मोकळी. शिरल्यावर तो कातडी आणि मांस विरघळवणारी विकरं सोडतो, शिवाय एरोलायसिन नावाचं विष. हे विष पेशीच्या पडद्याला अक्षरशः भोकं पाडतं. तांबड्या पेशी फुटतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात. तुम्हाला दिसणारा लाल चट्टा म्हणजे कातडीखाली सांडलेलं रक्त.

पोट का फुगतं? गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांवाटे पाणी सतत शिरत असतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत असतं. मूत्रपिंड निकामी झालं की ते पाणी आतच साठतं. आधी पोटात, डोळ्यांमागे, मग खवल्यांच्या मुळाशी. शेवटच्या टप्प्यात खवले उभे राहून मासा सीताफळासारखा दिसतो. तो मासा वाचत नाही, काढून टाका.

आता एवढं करा: नुकताच मेलेला नाही, मरायला टेकलेला मासा घ्या. कल्ल्याचं झाकण उचला. कल्ले फिकट असतील तर रक्त कमी झालंय. पिवळट-पांढरे कुजलेले पट्टे असतील तर मामला कॉलम्नारिसचा, तो वेगळा जिवाणू. मग परांच्या मुळाशी आणि गळ्याखाली बारकाईने बघा. ५ ते ८ मिलिमीटरची, चपटी, जवळजवळ पारदर्शक टिकली सरकताना दिसली तर ती अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ. ऊ असेल तर जिवाणूवर कितीही औषध घाला, रोज नवीन जखमा होत राहणार.

चुना अजिबात नको. पीएच ८.८ आहे. एकूण अमोनिया तोच राहिला तरी पीएच ७ ला त्यातला विषारी भाग एक टक्क्याच्याही आत असतो, ८ ला साधारण ५ टक्के आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या आसपास (२५ अंशांना). चुन्याने पीएच वर गेला तर आठवड्याची मर एका दुपारी होईल.

हिशेबी_परभणी

१,८०० घनमीटर कुठून आलं? तळं खोक्यासारखं नाही, त्याला उतार आहे. १:१.५ उताराने तळ २१ × २१ राहतो. २ मीटर पाण्याला वरची बाजू २७ × २७, मधली २४ × २४.

(४४१ + ७२९ + ४ × ५७६) × २ ÷ ६ = १,१५८ घनमीटर.

तुमच्या हिशेबाने औषध दीडपटीहून जास्त पडलं असतं. २ पीपीएम म्हणजे घनमीटरला २ ग्रॅम, एकूण २.३ किलो.

तेही डोळे झाकून टाकू नका. परमँगनेट आधी पाण्यातल्या घाणीवर खर्च होतं, उरेल तेवढंच जिवाणूवर चालतं. म्हणून बादलीची चाचणी घ्या. १ ग्रॅम परमँगनेट १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. चार पांढऱ्या बादल्यांत तळ्याचं १०-१० लिटर पाणी घ्या, त्यात या द्रावणाचे अनुक्रमे ५, १०, १५ आणि २० मिली घाला. म्हणजे ०.५, १, १.५ आणि २ पीपीएम झालं. ढवळून सावलीत १५ मिनिटं ठेवा. ज्या सगळ्यात कमी मात्रेत गुलाबी रंग टिकला, तिला २.५ ने गुणा. १ पीपीएमला टिकला तर मात्रा २.५, म्हणजे २.९ किलो. चारही बादल्यांत टिकला तरी २ च्या खाली येऊ नका. २० मिलीची बादलीसुद्धा तपकिरी झाली तर पाणी फार घाण आहे. आधी तळातलं पाणी काढून नवीन भरा, मग पुन्हा चाचणी.

उन्हाच्या दिवशी सकाळी, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवून, पूर्ण विरघळवून सगळ्या तळ्यावर शिंपडा. खडे तळाशी पडले तर मासे ते तोंडात घेतात. शेवाळही मरतं, त्यामुळे त्या रात्री आणि पुढच्या रात्री ऑक्सिजन घसरतो. एरेटर नसेल तर मोटरने पाणी उडवत ठेवा. रंग ८ तास तरी गुलाबी राहायला हवा. पाणी तपकिरी झालं म्हणजे औषध संपलं. आठवड्याच्या आत दुसरा डोस नको, आणि फॉर्मेलिनबरोबर तर कधीच नको. रंग जाईपर्यंत ड्रिप बंद.

कोणी तळ्यात मीठ टाका म्हणेल. ०.१ टक्का करायलासुद्धा साडेअकरा क्विंटल लागतं, आणि मोसंबीला क्लोराइड सोसत नाही. मीठ टबातल्या बुडवणीपुरतं ठेवा.

उदगीर_मार्ग

कॅप्सूलबद्दल. ५०० मिलिग्रॅमच्या शंभर म्हणजे ५० ग्रॅम. १,१५८ घनमीटरला ते ०.०४ पीपीएम होतं. रोग हलणार नाही, उलट इतक्या कमी मात्रेला जिवाणू सरावतात. वरून तुमचं पाणी जड. टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतं.

परमँगनेट पाण्यातले आणि कातडीवरचे जिवाणू मारतं, रक्तात शिरलेल्यांपर्यंत ते पोचत नाही. तिथे औषध खाद्यातूनच. पण जो मासा खातच नाही त्याला तेही मिळत नाही, म्हणून खाणं पूर्ण थांबायच्या आत निर्णय घ्या. तज्ज्ञाने ऑक्सिटेट्रासायक्लिन लिहून दिलं तर नेहमीची मात्रा माशाच्या दर किलोला रोज ७५ मिलिग्रॅम, १० दिवस. अंदाजे १,७०० मासे उरले धरले तर ४२५ किलो वजन, रोज ३२ ग्रॅम शुद्ध औषध. पुडी २० टक्क्यांची असेल तर १६० ग्रॅम. खाद्य वजनाच्या १ टक्काच ठेवा, सव्वाचार किलो, म्हणजे सगळं खाल्लं जाईल. औषध ८५ मिली गोडेतेलात कालवून खाद्याला चोळा, सावलीत वाळवा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

खरं तर आधी तपासणी हवी. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, फोन करून जा. मरायला टेकलेले ३-४ मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत न्या. जमलं नाही तर प्लास्टिकमध्ये बांधून बर्फावर, त्याच दिवशी. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या माशातून जिवाणू वाढवता येत नाही, फ्रीजरमधल्या माशाचाही भरवसा नसतो. मूत्रपिंडातून जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघता येतं. क्लोराम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान कोणी दिलं तर घेऊ नका, मत्स्यपालनात दोन्हींवर बंदी आहे.

मोसंबीवाला_अंबड

उवा सापडल्या, तीन माशांत मिळून सात. चट्टे नसलेले मासे विकून टाकू का आत्ताच? आणि मेलेले नाल्यात टाकले तर चालतील का?

कल्ले_आधी_बघा

नाल्यात नको. पुढच्या माणसाचं तळं त्याच नाल्यावर भरत असेल. खड्ड्यात चुना घालून पुरा. चुना इथे कामाचा. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरतो.

उवांसाठी तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या लावा. अर्ग्युलसची मादी अंडी माशावर घालत नाही, अशा टणक पृष्ठभागावर चिकटवते. दर ३-४ दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा. उवांवरचं औषध कोणतं, ते उदगीरला विचारूनच. ती कीटकनाशकं आहेत आणि पाणी बागेला जातंय.

विक्रीचं म्हणाल तर आत्ता जाळं ओढू नका. ओढलं की उरलेल्या प्रत्येक माशाचे दहा खवले निघणार, म्हणजे दहा दारं उघडणार. चट्ट्यांचे तर विकूच नका. औषधाचं खाद्य सुरू केलं तर शेवटच्या दिवसानंतर ५०० अंश-दिवस (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) थांबा. पाणी २५ अंश असेल तर २० दिवस, २० अंश असेल तर २५.

मर थांबून दोन आठवडे गेले की पहाटेच्या गारव्यात विरळणी करा. ७२९ चौरस मीटरच्या पाण्यात २,००० मासे म्हणजे चौरस मीटरला पावणेतीन. एरेटरशिवाय तिथे ५०० ते ७०० ठीक.

हिशेबी_परभणी

उवा काढायच्या आधी परमँगनेट टाकून बसू नका. बादलीच्या चाचणीचे आकडे इथे टाका, मात्रा तपासून देतो.