गेजचा काटा बरोबर, तरी सकाळची कॉफी आंबट

तुमच्या एस्प्रेसो मशीनची सकाळची कॉफी आंबट येते, त्यावर 'गेज 1.1 बार दाखवतोय म्हणजे बॉयलर नीट तापलाय, ग्रुपमध्येच (कॉफी जिथून उतरते त्या भागात) काहीतरी आहे' असं एकाने म्हटलंय, ते पटत नाही. गेज दाब सांगतो, तापमान नाही. आत नुसती वाफ असेल तर 1.1 बारला पाणी साधारण 122 अंशांवर असतं. हवा अडकली असेल तर तिचाही दाब त्यात धरला जातो, प्रेशरस्टॅट (दाब पाहून हीटर चालू-बंद करणारा स्विच) आधीच हीटर बंद करतो आणि पाणी हवं तितकं तापतच नाही, म्हणून कॉफी आंबट उतरते. पहिले शॉट (एस्प्रेसोचे कप) आंबट, दुपारपर्यंत सगळं ठीक, हे तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं. दुधासाठी स्टीम सोडत गेलं की ती हवा निघून जाते.

बॉयलरच्या माथ्यावरचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (तापताना आतली हवा बाहेर सोडणारी झडप) बघा. मशीन थंड असताना त्याची पिन खाली पडलेली हवी. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे पिनभोवती पांढरा क्षार धरतो आणि ती वरच चिकटते, मग हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. खात्री करायला सकाळी काटा वर आला की स्टीम वाँड (वाफेची नळी) थोडा वेळ पूर्ण उघडा (फडकं धरून, हात सांभाळून). काटा एकदम खाली बसला आणि मग हीटर बराच वेळ चालू राहिला तर चोर सापडला. व्हॉल्व्ह साफ करून त्याची रबरी ओ-रिंग बदलली की बहुतेक वेळा भागतं. हीटरचं एलिमेंट बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला आधी हे करून दाखवायला सांगा.

दोनपैकी एकच ग्रुप थंड असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे थर्मोसायफनची नळी (बॉयलर आणि ग्रुपमध्ये गरम पाणी फिरवणारी) तपासा.